अंजिराला घातलेलं दूध

पूर्वी सरहद्दीपलीकडच्या मग्नियाहून अलीकडच्या उज्दाला यायचं म्हणजे चुलीवर चहाचं आधण ठेवून निघावं आणि ते उकळायच्या आत पोचावं, असं लोक म्हणत. लखदर दाजींना मात्र दोन दिवस लागले. मग्नियाहून ओरान, ओरानहून अल्जीयर्स, तिथून विमानाने कासाब्लांका आणि कासाब्लांकाहून दुसऱ्या विमानाने उज्दा. सरहद्द बंद झाल्यापासून शेजारच्या घरी जायचा हाच राजमार्ग होता. त्यांचा मुलगा नाझिम फ्रान्समधून, ल्योंहून निघाला आणि बापाच्या आधी पोचून मामाच्या दिवाणखान्यात बडीशेपेची बिस्किटं खात बसला होता.

"एवढा वळसा घातलात दाजी, जाता जाता मक्केला जाऊन हाजी तरी होऊन यायचं," मिमून दारातच म्हणाला.

स्वयंपाकघराच्या पडद्याआड राबहाचा श्वास अडकला. तिच्या नवऱ्याने आपल्या बहिणीच्या नवऱ्याशी समोरासमोर बोललेलं हे वीस-बावीस वर्षांतलं पहिलं वाक्य होतं.

"हाजी झालो असतो तर तुला माझा हात चुंबावा लागला असता," लखदर सुजलेले पाय बुटातून काढत म्हणाले. "म्हटलं, कशाला बिचाऱ्याला त्रास."

दोघेही हसले, जरा जास्तच हसले, आणि राबहाने सोडलेल्या श्वासाबरोबर पडदा हलला. पहिली पायरी तर निभावली.

हे लग्न तिने जुळवलं होतं. वसीला तिची एकुलती एक मुलगी. नाझिम चांगला मुलगा होता, कमावता होता, मामाच्या मुलीला नाही म्हणायला त्याच्याकडे काही कारण नव्हतं. पण खरं सांगायचं तर राबहाने हा घाट घातला तो मुलीसाठी जेवढा, तेवढाच मिमून आणि त्याची बहीण झुलीखा या दोघांसाठी. भावाबहिणीत बोलणं नाही. एकाच आईच्या पोटचे दोघे, मध्ये एक ओढा आणि दोन देश. लेकीचं लग्न तिथे लागलं म्हणजे नातवंडाच्या निमित्ताने तरी ही माणसं बोलतील, एवढाच तिचा हिशेब होता.

भांडण वाळवंटावरून झालं असं दोघे पुरुष सांगत. दक्षिणेकडचं ते वाळवंट कोणाचं, यावर त्यांनी टेलिफोनवर एकमेकांचे देश, एकमेकांचे राज्यकर्ते आणि शेवटी एकमेकांचे बाप काढले होते. वास्तविक दोघांनीही ते वाळवंट जन्मात पाहिलं नव्हतं. खरं दुखणं वेगळं होतं. सरहद्द बंद झाली त्याच्या पुढच्याच वर्षी मिमूनचे वडील उज्दात वारले. झुलीखाला चोरून पेट्रोल आणणाऱ्यांच्या गाढववाटेने बापाच्या मातीला यायचं होतं. लखदर जकातीच्या कचेरीत नोकरीला. जकातवाल्याचीच बायको चोरवाटेने गेली तर नोकरी गेली, म्हणून त्यांनी तिला जाऊ दिलं नाही. बाप लेकीला न बघता जमिनीत गेला. त्या दिवशी मिमून उंबऱ्यात उभा राहिला आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशी शपथ घेऊन बसला. त्या घरचा पाण्याचा थेंब जरी या उंबऱ्याच्या आत आला, तरी माझी बायको मला हराम.

भांडण मेव्हण्याशी, आणि पणाला लावली बायको. या मुलखातल्या पुरुषांची ही जुनी खोड. राबहाला त्या वेळी सातवा महिना होता. तिने शांतपणे त्याला विचारलं होतं, की शपथ घ्यायची तर स्वतःच्या मिशीची का नाही घेतली?

पुढे वसीला झाली आणि चौथ्या महिन्यात राबहाला विषमज्वराने गाठलं. अंगावरचं दूध आटलं. राबहाला त्या दिवसांतलं काहीच आठवत नसे. शेजारच्याच घरात राहणारी तिची थोरली जाऊ, लल्ला फातना, बाळाला आपल्याकडे घेऊन गेली, एवढंच तिला नंतर सांगितलं गेलं. बाळ डब्यातली पावडर ओकत होतं, साखरेचं पाणी ओकत होतं, आणि मग शेवटी शेळीच्या दुधावर जगलं. बरी झाल्यावर राबहाने शेळीचं मटण सोडलं. ईदला सगळं घर खाई, ती भाजी खाई. जिच्या दुधावर माझी पोर वाचली तिच्या जातीचं मांस माझ्या तोंडात जाणार नाही, असं ती पाहुण्यांनाही सांगायची. हे ऐकलं की लल्ला फातनाला का कोण जाणे खोकला यायचा.

आणि अंजिराची गोष्ट तर सगळ्यांनाच पाठ होती. बाळाची हकीकत पेट्रोलवाल्या जिलालीकडून झुलीखाच्या कानावर गेली. तिच्या मांडीवर तेव्हा नाझिम होता. तिने स्वतःचं दूध काढून बाटलीत भरलं, बाटली ओल्या लोकरीत गुंडाळली आणि जिलालीच्या गाढवावर, पेट्रोलच्या डब्यांच्या मधे, भावाकडे पाठवून दिली. मिमूनने दारात उभं राहून ती बाटली उघडली आणि उंबऱ्याबाहेरच्या अंजिराच्या बुंध्याशी ओतली. रिकामी बाटली आणि निरोप परत गेला. त्यानंतर त्या घरातून काही आलं नाही.

ते अंजिराचं झाड आता दोन माणसांच्या कवेत मावत नव्हतं. मिमून त्याच्या सावलीत कधी बसत नसे.

झुलीखाने या लग्नाला होकार दिला तो मुलाकडे बघून. पण अट घातली. मिमूनचा आवाज मी टेलिफोनवर ऐकणार नाही. माझं दूध त्याने हाताने ओतलं, तर माफी मला डोळ्यांना दिसेल अशी मागावी. तिचं हृदयाचं ऑपरेशन झालेलं, डॉक्टर विमानात बसू देत नव्हते. तेव्हा ठरलं असं, की आज उज्दात कुराणातली फातिहा वाचून सोयरीक पक्की करायची आणि उद्या सकाळी मुलीला घेऊन सगळ्यांनी बैन लजराफला जायचं. तिथे ओढा अगदी अरुंद आहे, अलीकडचा रस्ता आणि पलीकडचा रस्ता समोरासमोर येतात. वरातीसुद्धा तिथे थांबतात आणि पलीकडच्या मावश्यांना नवरी दाखवून पुढे जातात. मिमून हो म्हणाला होता. गेले आठ दिवस तो गच्चीवर एकटाच जाऊन पुटपुटत असे, आणि राबहा वाळत घातलेले कपडे काढायचं निमित्त करून ऐकत असे. माफीचं पहिलंच वाक्य त्याला धड जमत नव्हतं.

दुपारची नमाज झाली तशी धर्मशास्त्र जाणणारे फकीह, सी तुहामी, आले. दिवाणखान्यात लखदरांनी आणलेली तबकं मांडली होती. निळ्या कागदातले साखरेचे सुळके, मेंदी, खजूर, आणि लाल मखमलीच्या पेटीत झुलीखाने सुनेसाठी दिलेला तिचा स्वतःच्या लग्नातला सोन्याचा पट्टा. राबहा पडद्याला डोळा लावून उभी होती. वर खोलीत वसीला हिरवा कफ्तान घालून बसली होती आणि खाली काय चाललंय हे कळायला दर दोन मिनिटांनी आईच्या मोबाईलवर प्रश्नचिन्ह पाठवत होती.

सी तुहामींनी शिरस्त्याप्रमाणे विचारलं, मुलगी राजी आहे का, मुलगा मोकळा आहे का. आणि मग, तोच शिरस्ता म्हणून, विचारलं, "दोन्ही घरांत दुधाचं नातं तर नाही ना? कोणी कोणाला पाजलंय वगैरे?"

"कुठलं हो," लखदर हसून म्हणाले. "या दोघांच्या जन्माआधीच सरहद्द बंद. तिथून माशी सोडत नव्हते, दूध कुठलं येतंय."

म्हणाले, आणि त्यांचं त्यांनाच कसंतरी झालं. मिमूनने मान खाली घातली. अंजिराचं झाड सगळ्यांच्याच डोळ्यांपुढे आलं, पण ओतलेल्या दुधाने नातं होत नाही. सी तुहामींनी तळवे वर केले.

नेमक्या त्याच वेळी मागच्या दाराने लल्ला फातना आत आली. नवरा वारल्यापासून ती नादोरला मुलाकडे राहत असे. तिची बस उशिरा पोचली होती. बोलावताना मिमूनने तिला एवढंच कळवलं होतं, की वसीलाला फ्रान्समधलं स्थळ आलंय. नाव मुद्दाम सांगितलं नव्हतं. फातनावहिनीला सांगितलं म्हणजे नादोरच्या बाजाराला सांगितलं, आणि सोयरीक पक्की व्हायच्या आत नजर लागायची, असं त्याचं मत. फातनाच्या पोटात काही राहत नाही, हे अख्ख्या घराण्याला ठाऊक होतं.

"मुलगा कोणाचा गं?" पिशवी खाली ठेवता ठेवता तिने राबहाला विचारलं.

"झुलीखाचा धाकटा. नाझिम."

फातना पिठाच्या पोत्यावर मटकन बसली. राबहाला वाटलं, बस लागली असेल. ती पाणी द्यायला वळली तर फातनाने तिचं मनगट धरलं.

"फातिहा झाली?"

"सुरूच होतेय. का?"

त्या बाईने प्रवासात धुळीने भरलेला पायघोळ जेल्लाबा उतरवलाही नाही. तशीच उठली, पडदा सारला आणि पुरुषांच्या बैठकीत जाऊन उभी राहिली.

"सी तुहामी, हात खाली घ्या. हे लग्न होत नाही. ही दोघं भावंडं आहेत."

राबहाच्या हातात पाण्याचा पेला होता. तो तिने कुठे ठेवला हे तिला पुढे कधीच आठवलं नाही. ती पडद्याबाहेर आली होती आणि डोक्यावरचा रुमाल सरकलाय याचंही तिला भान नव्हतं.

फातनाने सगळं उभ्यानेच सांगितलं. एरवी एका लग्नाच्या जेवणाचं वर्णन करायला तिला अर्धा दिवस लागे. आज चार वाक्यांत संपलं. जिलाली आधी तिच्या दारात आला होता. बाळ तिच्याकडेच होतं, आणि दिवसभरात त्याने डोळे उघडले नव्हते. जिलालीला झुलीखाची ताकीद होती, की बाटली भावाच्याच हातात द्यायची आणि त्याचा जबाब आणायचा. मिमून काय करणार हे फातनाला बाटली बघताच कळलं. म्हणून तिने जिलालीला चहा दिला, आणि तो पीत होता तेवढ्यात बाटलीतलं दूध चहाच्या किटलीत काढून घेतलं, बाटलीत शेळीचं भरलं आणि लोकर होती तशी गुंडाळून ठेवली.

"तू ओतलंस ते शेळीचं," ती मिमूनला म्हणाली. "तुला काय चव घेऊन बघायची होती? तू तिकडे अंजिराला पाजत होतास, तेव्हा मी इकडे चमच्याने पोरीला पाजत होते. पेट्रोलचा वास येत होता दुधाला. पण प्यायली. सगळं प्यायली, आणि ओकली नाही. दुसऱ्या दिवसापासून तिला शेळीचंही चालायला लागलं."

बाहेर अंजिरावर चिमण्यांचा गोंगाट चालला होता.

"एकदाच?" सी तुहामींनी हळूच विचारलं.

"एकदाच. किटलीभर."

"आपल्यात थेंब पुरतो," ते म्हणाले. "थेंब पोटात गेला की आई ती आई. नाझिम, वसीला तुझी बहीण."

मिमून पांढराफटक पडला होता, पण ते सोयरिकीमुळे नव्हे. त्याची नजर राबहावर होती. राबहाला एका क्षणात उमगलं. शपथ. त्या घरचा थेंब आत आला तर बायको हराम. म्हणजे गेली एवढी वर्षं ती या माणसाच्या घरात कोण म्हणून राहत होती?

"वहिनी," मिमूनचा आवाज फाटला, "मग माझी शपथ..."

"तुझ्या शपथेला घाल चुलीत," फातना म्हणाली. "मी काय अडाणी आहे? बाळ माझ्या घरात होतं, किटली माझी, चमचा माझा. तुझ्या उंबऱ्याच्या आत त्यातला थेंब आलेला नाही. पोटात दूध घेऊन पोर तिसऱ्या दिवशी आली, तोवर ते जिरलं होतं. पण तुझ्या डोक्याचा भरवसा कोणी द्यावा? तुला कळलं असतं तर पहिली राबहाला माहेरी पाठवून दिली असतीस. म्हणून गप्प बसले. बावीस वर्षं माझ्या पोटात काही राहत नाही म्हणून हसता ना मला?"

सी तुहामींना हसू दाबता आलं नाही. दाढीवरून हात फिरवत ते म्हणाले, की बाईंनी मसला बरोबर सोडवलेला आहे, बायको हलालच आहे. पण असली शपथ घेणाऱ्याने दहा गरिबांना जेवू घालावं, तेवढं डोकं ठिकाणावर यायला बरं. मिमून सगळं ऐकून मान डोलवत राहिला. मग तो उठला, फातनासमोर गेला आणि तिच्या कपाळाचं चुंबन घेतलं. तिथेच तिच्या खांद्यावर डोकं ठेवून तो हमसून हमसून रडला.

राबहा मात्र लखदरांकडे बघत होती. तिला आता त्यांचीच भीती वाटत होती. माणूस जग फिरून आला, तबकं मांडली, आणि रिकाम्या हाताने परत जा म्हणून सांगितलं. दुसऱ्यांदा तोंडावर मारल्यासारखं. हे घर आता तुटलं तर पुन्हा जोडायला तिच्याकडे दुसरी मुलगी नव्हती.

"दाजी," ती म्हणाली, "तुम्ही रागावलात तर तुमचं बरोबर आहे. पण..."

"त्या रात्री ती बाटली धूत बसली होती," लखदर म्हणाले. ते कोणाकडेच बघत नव्हते. "जिलालीने निरोप दिला ना, दूध झाडाला घातलं म्हणून, तेव्हा. बाटली धुतली, परत धुतली, परत धुतली. मी म्हटलं, अगं झाली स्वच्छ. ती म्हणाली, नाही झाली." त्यांनी नाक पुसलं. "वहिनी, मी सुनेसाठी आलो होतो. रागवायचं कशाला? मी घरी जाऊन तिला सांगणार आहे, की तुझं दूध वाया गेलं नाही. याहून मोठं काय घेऊन जाणार मी?"

टेलिफोन लावावा असं नाझिमने सुचवलं. लखदरांनी नको म्हटलं. ज्याने ओतलं त्याच्या तोंडून तिला ऐकू दे, आणि समोरून ऐकू दे, ते म्हणाले.

राबहा जिना चढून वर गेली. वसीलाला निम्मं आवाजावरून कळलंच होतं. उरलेलं आईने सांगितलं. पोर बराच वेळ कफ्तानाच्या काठावरची जर नखाने उचकटत बसली.

"मला आवडायला लागला होता गं," ती म्हणाली. "फार नाही. थोडासा. पाठवायला फोटो निवडत बसायचे."

राबहाने तिला जवळ घेतलं. काही समजूत घालावी असं तिच्या मनात आलं, पण खोटं काही सुचेना आणि खरं एवढंच होतं, की त्या थोड्याशा आवडीइतकंच दुःख मुलीला भोगावं लागणार होतं आणि त्याला इलाज नव्हता. ती तिचे केस सारखे करत राहिली.

"म्हणूनच तुला लहानपणी पेट्रोलचा वास आवडायचा," ती शेवटी म्हणाली. "पंपावर गाडी थांबली की काच खाली करायचीस."

वसीला रडता रडता हसली. तेवढ्यात जिन्यात पावलं वाजली आणि दाराबाहेर नाझिम खाकरला. हातात बिस्किटांची बशी होती.

"सी तुहामी म्हणाले, आता वर यायला परवानगी लागत नाही," तो म्हणाला. कान लाल झाले होते त्याचे. "डोक्यावर रुमाल नसला तरी चालतं म्हणे. येऊ?"

वसीलाने सवयीने रुमालाकडे हात नेला, मग थांबली. "ये," ती म्हणाली. "आणि ते फोटो पुसून टाक सगळे. आजच्या आज."

"पुसले. जिन्यातच." त्याने बशी पुढे केली. "एकात तुझा डोळा मिटलेला होता, तसाही."

वसीलाने बिस्किट उचललं आणि त्याच्याकडे न बघता खाल्लं. राबहाने दोघांना तसंच सोडलं आणि खाली आली. मिमूनने दहा गरिबांचं फारच मनावर घेतलं होतं. मोहल्ल्यातल्या मशिदीच्या पायऱ्यांवरून, बसस्टँडवरून, वाळवंट पार करून आलेल्या परदेशी पोरांच्या घोळक्यातून, जो दिसेल त्याला तो घेऊन येत होता. सोयरिकीसाठी शिजवलेलं कुसकुस परातीत वाढलं गेलं. अंजिराखाली पंगती बसल्या, आणि मिमून त्याच सावलीत, बुंध्याला पाठ टेकून, पाहुण्यांना आग्रह करत बसला. राबहाने वाढता वाढता फातनाला विचारलं, की मी एवढी वर्षं शेळीचे आभार मानत होते ते तुला खरंच बघवलं कसं?

"खोकून खोकून घसा गेला माझा," फातना म्हणाली.

राबहा तिच्या पायाशी बसली आणि पहिल्यांदा तिचे हात हातात घेतले. या हातांनी पाजलं. तिकडच्या हातांनी काढलं. मध्ये एका गाढवाने वाहून आणलं, ज्याला कुठला देश ठाऊक नव्हता. आपण कावीळ झाल्यासारखे पिवळे पडून अंथरुणात पडलो होतो आणि एवढी माणसं आपल्या पोरीसाठी राबत होती. तिला ते कृतज्ञतेचं ओझं वाटलं नाही. पोटभर जेवल्यावर वाटतं तसं काहीसं वाटलं.

सकाळी बैन लजराफला वारा होता. दोन्हीकडे झेंडे फडफडत होते, दोन्हीकडे लोक गाड्या थांबवून एकमेकांचे फोटो काढत होते. अलीकडे कुंपण, खाली ओढ्यात बोटभर पाणी, पलीकडे चर. लखदरांनी निघताना पेटी उघडून सोन्याचा पट्टा वसीलाच्या कमरेला बांधला होता. सुनेसाठी दिलेला मुलीला बांधायचा तर झुलीखाला विचारायला हवं, पण लांबून ओळखायला खूण हवी, एवढंच ते म्हणाले.

झुलीखा पलीकडच्या कठड्याशी खुर्चीवर बसली होती. थोरली मुलगी छत्री धरून मागे उभी. राबहाने नणंदेला शेवटचं पाहिलं तेव्हा तिचे केस काळे होते.

मिमून कुंपणाशी गेला. आठ दिवस घोकलेली माफी आता उपयोगाची नव्हती, आणि नवी सुचत नव्हती. मग दोन्ही हातांची ओंजळ तोंडाशी धरून तो ओरडला.

"झुलीखा, दूध झाडाला नाही गेलं. मी शेळीचं ओतलं. मला माहीत नव्हतं. तुझं वसीला प्यायली. फातनावहिनीने पाजलं."

वाऱ्याने निम्मं पळवलं. पलीकडून हात कानाशी गेला. त्याने परत ओरडून सांगितलं, तुकड्या-तुकड्याने, आणि प्रत्येक तुकड्यागणिक त्याचा आवाज बसत गेला. लग्न होत नाही, तेही सांगितलं. मला माफ कर, हे सगळ्यात शेवटी आलं, आणि ते बहुधा पलीकडे पोचलंच नाही.

झुलीखा खुर्चीवरून उठली. मुलीचा हात झिडकारून कठड्यापर्यंत आली. राबहाला वाटलं, आता ही मागचं सगळं काढणार, बापाची माती, रिकामी बाटली, सगळं. काढलं तर तिचा हक्कच आहे.

झुलीखाने एकच विचारलं.

"पोट भरलं होतं का तिचं?"

फातना पुढे झाली आणि नादोरच्या बाजाराला पुरेल अशा आवाजात ओरडली, "भरलं होतं. ढेकर देऊन झोपली."

पलीकडची बाई कठड्याला धरून खाली बसली. रडतेय की हसतेय हे एवढ्या लांबून कळत नव्हतं. राबहालाही काहीतरी ओरडून सांगायचं होतं. बावीस वर्षांचे आभार होते, ते एका ओरडण्यात कसे मावणार? तिने वसीलाचा दंड धरला, तिला सगळ्यांच्या पुढे, कुंपणाच्या अगदी तारेशी नेऊन उभं केलं आणि तिच्या कोटाची बटणं सोडली, म्हणजे पट्टा दिसेल.

"नीट उभी राहा," ती म्हणाली. "तुझी आई बघतेय."